एक टेक माझ्यासाठी

करंजाड्याला आमच्या वरच्या मजल्यावर राहणारे फ्लूटवाले काका स्वतःला जॅझवाले म्हणवतात. पोट मात्र कोळीगीतांच्या सीडींवर आणि कधीमधी एखाद्या रॉक बँडच्या अल्बमवर भरतं. स्टुडिओत ते सांगितलेलं निमूट वाजवतात आणि मग बोट वर करतात, "आता एक टेक माझ्यासाठी." त्यात ते सूर असे वाकडे नेतात, की रेकॉर्डिस्ट हसून तो टेक पुसून टाकतो.

एकदा गडबडीत नेमका तोच टेक कोळीगीताच्या सीडीत गेला. "तोंड दाखवायला जागा राहिली नाही हो," असं काका म्हणायचे, पण जिना उतरताना त्या टेकमधली वाकडी जागा शिटीवर वाजवायचे.

पुढच्या लगीनसराईत मी आणि काका उरणला एका हळदीला गेलो. बँडने तेच गाणं धरलं. क्लॅरिनेटवाल्याने ती वाकडी जागा, माझ्या कानाला तरी, जशीच्या तशी घेतली आणि बायकांनी तिच्यावर गिरकी मारली.

"हितं आलं का पाय थांबतच नाय," नवऱ्याची आत्या धापा टाकत म्हणाली.

मी कौतुकाने काकांकडे वळलो. ते कपाळाला आठ्या घालून, डोळे मिटून ऐकत होते.

"बिघडवलं," ते म्हणाले. "सगळं सरळ करून टाकलं."