वॉलीच्या गाडीतला लॉकर

ॲडलेडपासून लांब, माळरानातल्या कुरालाना गावात एक चर्च होतं आणि एक अर्नी प्रिडोचं वर्कशॉप. देवाचं नाव वर्कशॉपमध्ये जास्त घेतलं जाई.

अर्नी बासष्ट वर्षांचा. चाळीस वर्षं त्याने आसपासच्या मेंढ्यांच्या कुरणांवरच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि त्या दुरुस्त व्हायच्या लायकीच्या नव्हत्या हे प्रत्येक मालकाला तोंडावर सांगितलं. गाडीच्या मागच्या आसात कोणता लॉकर बसवावा हे विचारायला लोक दोन-दोनशे किलोमीटरवरून येत. आता तो लॉकर बसवत नसे. दोन वर्षांपासून. कुणी विचारलंच तर म्हणे, "पाठ धरते." पाठ त्याची उत्तम होती.

साध्या गाडीची एक खोड असते. मागचं एक चाक चिखलात गेलं की इंजिनाचा जोर त्या निकामी चाकालाच मिळतो. ते गरगरा फिरतं, आणि कोरड्या जमिनीवरचं दुसरं चाक स्वस्थ उभं राहतं. सरकारी कचेरीत काम केलेल्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. लॉकर या दोन्ही चाकांना एकत्र जुंपतो. त्यात एक जात आपोआप लागणारी, तिला बटण नसतं. दुसरी बटणाची: हवं तेव्हा लावा, एरवी मोकळी ठेवा.

वॉली हेस्केटच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. वॉली अर्नीचा शाळेपासूनचा मित्र. बायको गेल्यापासून कुरणावर एकटाच. दर गुरुवारी सकाळी तो मेंढ्यांच्या पाण्याच्या टाक्या बघायला निघे. शेवटची टाकी घरापासून त्रेपन्न किलोमीटरवर, खाऱ्या तळ्याच्या पलीकडे. निघताना अर्नीला फोन करायचा:

"निघतोय रे. सहापर्यंत फोन नाही आला तर दोर घेऊन ये."

"अडकणारच आहेस तर निदान फाटकापाशी अडक."

"तुझ्या सोयीसाठीच जगतोय मी, लेका."

आणि खरोखरच तो बहुतेक वेळा पहिल्या चिखलातच अडके. एक चाक गरगरलं की पुढे जाणं खुंटलं. मग वायरलेसवर शिव्या, मग अर्नी, दोर, अर्धा तास ओढाओढ, आणि वॉलीच्या थर्मासमधला अत्यंत वाईट चहा. एका हिवाळ्यात असं सात वेळा झालं.

वॉलीच्या साठाव्या वाढदिवसाला अर्नीने त्याची गाडी सर्व्हिसिंगच्या नावाखाली ठेवून घेतली आणि मागच्या आसात लॉकर बसवून परत केली. आपोआप लागणारा. त्यावर त्याने विचार केला होता, पण फार नाही. बटणाचा बसवला तर हा येडा बटण विसरेल, एवढाच.

"हा घे," तो म्हणाला, "आणि माझा गुरुवार मला परत दे."

वॉलीने तो दिला. फोन बंद झाले. पहिल्या गुरुवारी अर्नीला बरं वाटलं. दुसऱ्या गुरुवारी त्याने दोनदा फोनकडे बघितलं. पुढे सवय झाली.

पाच महिन्यांनी, फेब्रुवारीतल्या, म्हणजे तिथल्या ऐन उन्हाळ्यातल्या, एका अवकाळी सरीनंतर, वॉली शेवटच्या टाकीकडे निघाला. खारं तळं वरून वाळलेलं दिसत होतं. जुनी गाडी काठावरच रुसली असती. ही नाही रुसली. दोन्ही चाकं एकजुटीने फिरली आणि त्यांनी वॉलीला दीड किलोमीटर आत नेलं. तिथे वरचा पापुद्रा फुटला आणि गाडी एकदमच पोटापर्यंत बसली. वायरलेस तिथून पोचत नसे. तो दोन दिवस गाडीपाशी थांबला. सेहेचाळीस अंशांचं ऊन. तो निघालाय हे कुणालाच माहीत नव्हतं, तेव्हा कुणी येण्याचा प्रश्न नव्हता. तिसऱ्या दिवशी तो चालायला लागला. फाटकापासून अकरा किलोमीटरवर सापडला, पुढच्या मंगळवारी.

चौकशी झाली. अहवालात हवामान होतं, तळं होतं, पाण्याचा अपुरा साठा होता. अर्नीचं नाव कुठेच नव्हतं. ते त्याला फार लागलं.

वॉलीची मुलगी लिनेट ॲडलेडला शाळेत शिकवत होती. दोन वर्षं कुरण भाड्याने दिलं. मग भाडेकरूही कंटाळला आणि ती नोकरी सोडून परत आली. एका सोमवारी बापाची तीच गाडी घेऊन ती अर्नीच्या दारात उभी राहिली.

"आसातून आवाज येतोय. लॉकर गेलाय बहुतेक. तसाच दुसरा बसवून दे."

"मी बसवत नाही आता."

"का?"

"पाठ."

"बरं. मग पोर्टच्या गॅरेजात जाऊन बसवून घेते. तिथल्या माणसाची पाठ तरुण आहे."

अर्नी खाली बसला, आस खोलला आणि बराच वेळ त्याने डोकं बाहेर काढलं नाही. मग गाडीखालूनच बोलला.

"तसाच का?"

"बाबांचा होता म्हणून."

"हा बाबांचा नव्हता. माझा होता." थोडा वेळ पान्याचा आवाज झाला. "एक चाक फिरायला लागतं ना, ती गाडी तुला सांगत असते, बाई, इथून मागे फीर. हा लॉकर ते सांगूच देत नाही. तुझा बाप बटण विसरेल म्हणून मी तो घातला. आणि त्याच्या फोनचा कंटाळा आला होता म्हणून."

 लिनेट टायरवर टेकून उभी राहिली. अर्नीला तिचे फक्त बूट दिसत होते. ते गेले नाहीत, एवढं त्याने बघितलं.

"मग कोणता?" तिने शेवटी विचारलं.

"बटणाचा. आणि बटण कुठे बसवायचं ते मी ठरवणार."

चार दिवस लागले. बटण त्याने स्टिअरिंगजवळ बसवलं नाही. गाडीच्या मागच्या, सामानाच्या हौद्याच्या कडेला, चाकाच्या वर, पत्र्याची टोपी घालून बसवलं.

"हे काय?" लिनेट म्हणाली. "दर वेळी खाली उतरू?"

"उतर. चिखलात पाय टाक. पुढे बघ. मग लाव. आणि लावलंस की मागे यायला लाव, पुढे जायला नाही."

"तुझ्या हाताखाली शिकलेली माणसं पळून का गेली ते कळलं."

ती चढली, इंजिन सुरू केलं. अर्नी खिडकीला धरून उभाच राहिला. सांगायची गोष्ट चार शब्दांची होती, पण ती त्याला चाळीस वर्षांच्या कामापेक्षा जड गेली.

"निघताना फोन करत जा."

"तुला कंटाळा येतो ना?"

"येतो," अर्नी म्हणाला. "करत जा."

पुढच्या गुरुवारी सकाळी सातला तिचा फोन आला. "निघतेय. सहापर्यंत." अर्नीने त्या दिवशी एकही काम धड केलं नाही. चारला दोर काढून गाडीत ठेवला. पाचला पुन्हा बघितला.

सहाला दहा कमी असताना फोन वाजला.

"आले घरी. शेवटच्या टाकीला नाही गेले. तळ्याच्या काठावर एक चाक फिरायला लागलं. उतरले. वरून कोरडं दिसतं रे, पण पाय घोट्यापर्यंत गेला. मग बटण लावलं, मागे घेतली. सहज निघाली." ती जराशी हसली. "वीस मिनिटांचं काम. उद्या वरच्या वाटेने जाते. अर्नी? ऐकतोयस ना?"

अर्नी ऐकत होता. दोन वर्षं त्याने स्वतःला सांगितलं होतं की त्या तळ्यात कुठलाही लॉकर असता तरी तेच झालं असतं. आज त्याच काठावरून बटणाच्या लॉकरने गाडी मागे आणली होती.

"अर्नी, ठेवू का?"

"थांब जरा," तो म्हणाला. खुर्ची ओढून बसला, फोन कानाला तसाच. तीही थांबली.