घळीतली हरिणी आणि पत्र्याचं डबडं

पहारेकऱ्याने हरिणी विकून खाल्ली, ही बातमी सलूनमध्ये जन्मली. सलूनमधल्या मधल्या खुर्चीवर मान टेकली की गल्लीत न घडलेल्या गोष्टीही कळतात. घळीतल्या खडकावर फार जुन्या माणसांनी लाल रंगाने काढलेली हरिणी आता दिसत नाही, एवढंच कोणीतरी म्हणालं होतं. सलूनवाल्याने कात्री हवेत धरली आणि म्हणाला, छिन्नीने कापून नेली असणार, नाहीतर निवृत्त होता होता माणूस गच्चीवर खोली कशी चढवतो? दुपारपर्यंत छिन्नीची करवत झाली. संध्याकाळी गिऱ्हाईकही परदेशी ठरलं.

खरं सांगायचं तर ती खोली म्हणजे चार भिंती आणि वर पत्रा. आत शाळेच्या गणवेशांच्या कापडाचे गठ्ठे, कारण पहारेकऱ्याची बायको शिवणकाम करते. तिचे गुडघे पायमशीन चालवून कामातून गेलेले, म्हणून गठ्ठे वर-खाली करण्याची नोकरी पहारेकऱ्याला निवृत्तीनंतर लगेच लागली. खडकही जागच्या जागी आहे. हरिणीला कोणी कापलं नाही. पहारेकऱ्याने तिला फक्त अंघोळ घातली. एकतीस वर्षं.

त्याचं काय आहे, घळीत पोचायचं म्हणजे सायकलीने फाट्यापर्यंत, मग ओढ्याच्या गोट्यांतून दोन तास. माणसं धापा टाकत यायची, खडकाकडे बघायची आणि म्हणायची, "कुठे काय आहे?" रंग मुळातच फिका. पहारेकऱ्याला लाज वाटायची, घरी आलेला पाहुणा उपाशी परत चालल्यासारखी. मग तो ओढ्यातून पत्र्याचं डबडं भरून आणायचा आणि नेम धरून खडकावर फेकायचा. ओल्या दगडातून हरिणी अशी वर यायची की बघणारा दोन पावलं मागे सरकायचा. मान वळवलेली, कान उभे, आणि पोटात पिल्लू, जणू चितारणाऱ्याला कातडीच्या आतलं दिसत होतं. अर्ध्या मिनिटात दगड सुकायचा. मग कोणीतरी म्हणायचं, "अजून एकदा मारा की." पहारेकरी परत ओढ्यावर. साहेब लोक तपासणीला आले की तेही हळूच तेच म्हणायचे. त्या बिचाऱ्याने आयुष्यात दुसरी कुठली जादू केली नव्हती. ही एक जमत होती.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक तज्ज्ञ बाई भिंग घेऊन आल्या. खडकावर पांढरा थर चढलेला. पाणी कोण मारतं, असं त्यांनी विचारलं. पहारेकरी छाती काढून म्हणाला, मीच, सुटीच्या दिवशी आठ-दहा वेळा. बाई शेजारच्या दगडावर बसल्याच. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हळू आवाजात सांगितलं की ओढ्याचं पाणी क्षाराचं आहे, सुकताना दर वेळी थोडा क्षार मागे ठेवतं. आता एक थेंबही पडला नाही, तर पुढे कधीतरी कोणाला हा थर काढता येईल. पडत राहिला, तर थराबरोबर रंगही सुटून येईल. 'पाणी मारू नये' हा फलक पहारेकऱ्याने स्वतःच्या हाताने ठोकला. घरी मात्र त्याने याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

का नाही काढलं, ते आता सांगावंच लागेल. नोकरी लागली त्याच वर्षी त्यांचं बाळ सातव्या महिन्यात पोटातच गेलं होतं. हरिणी पहिल्यांदा बघून आला त्या संध्याकाळी त्याने बायकोला सांगितलं, आणि सांगता सांगता त्याची जीभ अडखळली. तिने मशीन थांबवलं नाही. एवढंच विचारलं, "पिल्लू उभं आहे की झोपलंय?" त्याला आठवेना. दुसऱ्या दिवशी डबडं मारून त्याने नीट बघितलं आणि येऊन सांगितलं, पाय दुमडून झोपलंय. तिने मान हलवली. पुढे एकतीस वर्षं तिने ना विचारलं, ना घळीत पाऊल टाकलं. कधी गणवेशांची घाई, कधी गुडघे. त्यानेही कधी आग्रह केला नाही.

आणि आता निवृत्तीला दोन महिने होतात न होतात तोच, दोरा दातांनी तोडत ती म्हणाली, "अहो, पुढच्या वर्षी हे गुडघे मला खाली उतरू देणार नाहीत. मला ते पिल्लू बघायचंय."

पहारेकऱ्याने सगळी निमित्तं काढून बघितली. ऊन आहे, वाट खचली आहे, सायकलीची चेन घसरते. बायकोने पिशवीत पाण्याची बाटली टाकली आणि चपला घातल्या.

दोन तासांच्या वाटेला त्यांना चार तास लागले. घळीत आता नवा पहारेकरी होता, आधी बसवर कंडक्टर असलेला. त्याने दोघांना ओळखलं, फलकाकडे बघितलं, आणि मला ओढ्याच्या वरच्या अंगाला फेरी मारायची आहे असं सांगून तो निघून गेला. आता तिकडे ना माणूस, ना वाट. फेरी कसली मारणार? शहाणा होता.

बायको खडकासमोर उभी राहिली. पहारेकरी हवेतच बोट फिरवू लागला. हे कान, ही पाठ, आणि इथे, या इथे पिल्लू. ती बोटाकडे बघत होती आणि बोटामागे पांढरा दगड होता.

"हे आपल्या बादलीला चढतं तेच ना?" ती म्हणाली. दर रविवारी काथ्याने घासणारी तीच. तिला कोण फसवणार?

मग त्याने सगळं सांगितलं, डबड्यापासून भिंगवाल्या बाईंपर्यंत. ती ऐकून घेत राहिली. शेवटी तिने पिशवीतून बाटली काढली, घरच्या नळाची, म्हणजे त्याच ओढ्याची.

"पाणी मारलं तर दिसेल?"

"अर्धं मिनिट. दिसली तर."

"मग मारा. एकदाच."

त्याने बाटली घेतली. झाकणही फिरवलं. एवढ्या वर्षांत त्याने कोणाला नाही म्हटलं नव्हतं. सहलीच्या पोरांना नाही, साहेबांना नाही, पत्ता चुकून आलेल्या एका विमा एजंटालाही नाही. बाटली धरलेला हात खांद्यापर्यंत वर गेला आणि तिथेच राहिला. मग त्याने झाकण परत लावलं.

"नाही गं," तो म्हणाला.

ती खडकापुढच्या दगडावर बसली आणि गुडघे चोळत बराच वेळ त्या पांढऱ्या जागेकडे बघत राहिली. परतीच्या वाटेवर तिने त्याच्या हाताचा आधार घेतला, कारण गोटे निसरडे होते; पण एक शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी "वरचा निळा गठ्ठा आणा" एवढंच.

पहारेकरी दाढी करायला सलूनमध्ये गेला. बातमी त्याच्या आधीच पोचली होती, मधल्या खुर्चीवर बसूनच. सलूनवाल्याने गालाला साबण लावला आणि आरशात डोळा मारून म्हणाला, "हजारो लोकांना दाखवलीत हो हरिणी, आणि घरच्या माणसाला दाखवायला हात आखडला?"

पहारेकऱ्याने वस्तऱ्याचा हात हळूच बाजूला केला.

"तुम्ही तीन वेळा पाहुणे घेऊन आला होतात," तो म्हणाला. "तिन्ही वेळा 'अजून एकदा मारा' म्हणालात. त्यातलं एक डबडं तिच्या वाट्याचं होतं."