मागे वळून पाहणारा ड्रायव्हर

दर दहा-बारा पावलांवर तो मागे वळून पाहत असे. रस्त्याने एकटा चालला असो वा कोणाच्या वरातीत, मान वळलीच पाहिजे. साखरा गावच्या मेंढपाळ घराण्यातला तो. मेंढरे सुटली तरी मान सुटत नाही, हे मी त्याच्यावरून शिकलो. पुढे तो सेनगाव-हिंगोली जीप चालवू लागला, तेव्हाही रस्त्यापेक्षा आरशातच अधिक पाही. मागे कोंबलेली माणसे म्हणत, "पुढं बघ की बाबा, आमी काय पळून जाऊन राहिलो का?" सारा तालुका त्याला ड्रायव्हर म्हणे आणि या नावाचा त्याला फार अभिमान होता. "मेंढरं वळता वळता बापाचे पाय झिजले," तो सांगे. "माझे पाय आता पायडलवर."

या माणसाने माझा विश्वासघात केला, असे मी आजवर सांगत आलो आहे. तहसील कचेरीसमोर टेबल मांडून अर्ज लिहिणारा मी. शिक्षण सातवीपर्यंत; तथापि माझ्या मसुद्यातला शब्द खोडण्याची हिंमत भल्या भल्या साहेबांनी केलेली नाही. हिंगोली जिल्हा नवा झाला त्या सुमारास ड्रायव्हरला एका एजंटामार्फत सौदीत गाडी चालवण्याची नोकरी मिळाली. त्याचे सर्व कागद मी केले. पत्रलेखनाची शिस्तही मीच घालून दिली: आरंभी कुशल, मध्ये कामाचा वृत्तांत, अखेरीस आईस दंडवत. शिवाय एक गोष्ट बजावली. "रडायचे ते अर्जात. पत्रात रडू नये." त्याने मान डोलावली आणि पिशवी खांद्यावर टाकून निघाला. माझ्या टेबलापासून स्टँडच्या फाटकापर्यंत तो पाच वेळा वळला.

त्याची पत्रे येत. आई निरक्षर, पाकीट न फोडता ती साखऱ्याहून माझ्याकडे घेऊन येई. गाडी पांढरी आहे, आत गार हवा आहे, मालक दिलदार आहे. तिकडची रोटी सुपाएवढी असते, पण तिच्यात आपल्या भाकरीचा जीव नाही. तरी आता सवय झाली. ऊन आपल्यासारखेच, फक्त खाली बसायला झाड नाही. बाकावर खोळंबलेल्या पक्षकारांनाही ऐकू जाईल अशा आवाजात मी ते वाचत असे आणि शेवटी आपल्या पदरचे सांगत असे, की हा मजकूर अक्षरशः खरा आहे, मुलगा माझ्या तालमीतला आहे.

आई मात्र पत्र माझ्या हाती देण्यापूर्वी नाकाशी धरी. तिसऱ्या की चौथ्या पत्राच्या वेळी ती म्हणाली, "मुन्शीजी, ह्या कागदाला मेंढराचा वास येऊन राहिला."

तो तुमच्याच लुगड्याचा असेल, असे मी हसून सांगितले. बाकावरचेही हसले. ती हसली नाही. जन्मभर मेंढरांत वावरलेल्या बाईला आपला वास कोणता आणि परका कोणता हे कळत असले पाहिजे, हा विचार त्या वेळी माझ्या मनात आला नाही. उत्तर सांगताना ती दर वेळी एकच वाक्य घालायला लावी: "त्येला इचारा, तिकडल्या मेंढराची लोकर दाट हाय का इरळ." मोटार चालवणाऱ्या माणसास मेंढरांची लोकर विचारणे मला विसंगत वाटले. मी ते वाक्य दर वेळी गाळले आणि त्या जागी 'प्रकृतीस जपावे' असे लिहिले. वाचून दाखवताना मात्र तिचे वाक्य म्हणून दाखवी, म्हणजे तिचे समाधान होई.

चौथ्या वर्षी तो परतला. आई त्याच्या सात महिने आधीच वारली होती. ते कळवणारे पत्रही माझ्याच हातचे. तो माझ्या टेबलासमोर बसला तेव्हा त्याच्या टाचांना बोट जाईल एवढ्या भेगा होत्या. पायडलवर अशा भेगा पडत नाहीत. मग त्याने सगळे सांगितले. गाडी मिळालीच नव्हती. उतरल्या दिवशी पासपोर्ट काढून घेतला आणि दोनशे मेंढरांसोबत वाळवंटात सोडले. पहिले पंधरा दिवस त्याच्या हाकेला एकही मेंढरू वळेना. "मंग शिकले," तो म्हणाला. "वापस येताना मराठी चांगली समजत व्हती त्यांला." सुटकेसाठी त्याने वकिलातीकडे अर्ज केला, तोही एका हैदराबादी आचाऱ्याकडून लिहून घेऊन.

माझ्या अंगाचा भडका उडाला. साऱ्या तालुक्यासमोर त्याने मला खोटे वाचायला लावले होते, आणि रडायची वेळ आली तेव्हा लेखणी दुसऱ्याची धरली. मी त्याला विश्वासघातकी म्हटले.

"तुमीच म्हणले व्हते, पत्रात रडू नये," तो शांतपणे म्हणाला. "अर्ज लिव्हा म्हणून तुमाला कळवलं असतं, तर तुमी तो मायला वाचून दावला असता. तिला खरं कळू द्यायचं नव्हतं."

रागाच्या भरात मी बोलून गेलो, की तुझी आई तुझ्यापेक्षा शहाणी होती. पहिल्या वर्षापासून तिला वास आला होता, आणि लोकर दाट की विरळ हे दर पत्रात विचारा म्हणून ती मला सांगत होती.

उठण्यासाठी उचललेली पिशवी त्याने पुन्हा खाली ठेवली.

"मंग काहून न्हाई लिव्हलं?"

  मी शिक्क्याची डबी उघडली आणि मिटली.

"तिनं इचारलं असतं, तर मी खरं लिव्हलं असतं," तो म्हणाला. मग उठला, पिशवी खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे न पाहता, जणू बाकावर बसलेल्या कोणाला सांगावे तसे म्हणाला, "दाट व्हती, माय. लई दाट."

तो स्टँडकडे चालू लागला. दहा पावले झाली, वीस झाली. मी मोजत होतो. फाटकापर्यंत त्याची मान एकदाही वळली नाही.