लाल धाग्याचे डबे

"अळी खोटं बोलत न्हाई," असं म्हणत मामा घाटेअळी काट्यावर ठेवण्याआधी तळहातावर घ्यायचे आणि कालच्यापेक्षा जड की हलकी ते सांगायचे. काटा नंतर मुकाट त्यांना दुजोरा द्यायचा. आम्हा शिकल्यासवरलेल्यांना मग उगाच काट्याचा राग यायचा.

देवळाली प्रवराच्या बाजूला एका संशोधन केंद्रावर मामा रोजंदारीवर होते आणि मी पीएच.डी.चा विद्यार्थी. हरभऱ्याच्या कुठल्या वाणावर घाटेअळी किती वाढते, तिचा पतंग पुढे किती अंडी घालतो, हे मला मोजायचं होतं. म्हणजे मोजायचे मामा, लिहायचो मी. असली जोडी तुम्हीही एखाद्या कचेरीत पाहिली असेल.

अळ्या एकमेकींना खातात, म्हणून एका डब्यात एकच. मामा रोज सकाळी मऊ कुंचल्याने प्रत्येकीला अलगद उचलून तिच्याच वाणाचा ताजा पाला घालायचे. "भांडखोर जावा हायेत, चूल येगळीच पायजे," म्हणायचे. त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून डब्यांना धागे होते. गावरान वाणाला पांढरा, साहेबांच्या नव्या वाणाला लाल. ते धागे मी स्वतः बांधले होते. एवढं लक्षात ठेवा, कारण पुढे मी ते विसरलो.

गावरान पाल्यावरच्या अळ्या किरट्या राहिल्या, कोषात जायलाही त्यांनी उशीर लावला. लाल धाग्याच्या मात्र लवकर कोषात गेल्या, कोषही टपोरे. त्यांच्या पतंगांनी कापडावर इतकी अंडी घातली की मामा मोजता मोजता थांबले.

"ह्यो हरबरा शेतकऱ्याचा न्हाई, अळीचा हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांच्या घरी रब्बीला हरभराच असायचा.

साहेब म्हणजे माझे मार्गदर्शक. त्यांची उमेदीची वर्षं त्या वाणात गेली होती आणि माझी डिग्री त्यांच्या सहीत अडकली होती. आकडे बघून ते म्हणाले, ह्या अडाणी माणसाने डबे अदलाबदल केलेत. मामांना बोलावलं. मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, धागं ह्यांनी बांधल्यात. ह्यांनाच इचारा."

दोघे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हणालो, "माझ्या नीट लक्षात नाही."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी, आणि चोर मी. मामांचं काम त्याच दिवशी गेलं. जाताना ते माझ्या टेबलावर कुंचला ठेवून गेले. म्हणाले, ह्याचे केस गळायला लागलेत, नवा घ्या, अळीला टोचतंय. त्यापेक्षा शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

प्रयोग पुन्हा झाला, दुसऱ्या माणसाकडून, साहेबांना हवा तसा. वाण बाजारात आला. मला डिग्री मिळाली, राहात्याला नोकरी मिळाली. दर हिवाळ्यात शेतकरी पोखरलेले घाटे घेऊन माझ्याकडे येतात आणि मी त्यांना फवारणी सांगतो. वाणाबद्दल विचारलं की तोंडात मिठाची गुळणी धरतो. आता तर कुणाच्या सहीवाचून माझं अडतही नाही. सवय लागली, दुसरं काय.

गेल्या माघात मामा वारल्याचं कळलं. भेटायला गेलो. त्यांच्या थोरल्या मुलाने, चाळिशीच्या गड्याने, खुर्ची पुसून दिली, चहा दिला. मग हात जोडून म्हणाला, "सर, दादांना वाचाया येत नव्हतं. मरेस्तोवर डबं बदललं न्हाई म्हनत व्हते, पन चूक त्यांचीच आसंल. तुमच्या कामाचं लई नुकसान झालं. मनात ठिवू नका."

घरच्यांनीही मामांवर विश्वास ठेवला नव्हता. आत्ता तरी बोल मेल्या, असं मी मला म्हणत होतो. मग त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असू द्या. होतं असं कधीकधी."

माझ्या मनाच्या मोठेपणाने त्याला भरून आलं. एसटी येईपर्यंत तो माझी पिशवी धरून फाट्यावर उभा राहिला.