ठेका पारंपरिक, म्हणे!

आजही एखाद्या रेकॉर्डच्या पाकिटावर ‘पारंपरिक’ हा शब्द दिसला की माझं डोकं फिरतं. अरे मेल्यांनो, माझा बाप जिवंत होता तेव्हा! सोलापुरात गिरणीत पाळी करत होता, घरी येऊन भाकरी खात होता.

आबा ढोल वाजवायचे. दुष्काळात सांगोल्याकडची मेंढरं मोडून शहरात आलो तेव्हा आईनं भांडी घेतली, आबांनी ढोल. एक ठेका त्यांनी स्वतः बसवला होता. त्यात मधेच एक थाप मुद्दाम गाळायची. “ढोल फुटला का काय?” असं आई चिडवायची. पण त्या गाळलेल्या जागी गाणाऱ्याला दम घेता यायचा, आणि मग तो असा सुटायचा की बसलेली माणसं उठून उभी राहायची. एकाचं बघून दुसरा आला, आणि होता होता चार गवई त्याच ठेक्यावर गायला लागले. एकानं बिरोबाची ओवी लावली, दुसऱ्यानं दुष्काळाचं गाणं, तिसऱ्यानं गिरणीच्या भोंग्याचं, चौथ्यानं सासूची टिंगल. गाणी चौघांची, ठेका आबांचा. हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं.

दुष्काळ सरल्यावर रेकॉर्ड काढणारे आले. आबांना ढोलावर बसवून चौघांची गाणी भरून घेतली. वहीवाल्या साहेबानं विचारलं, “ठेका कुणाचा?”

आबा म्हणाले, “देवाचा.”

साहेबानं मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं.

रेकॉर्ड आली. पाकिटावर चौघांची नावं ठळक, आणि खाली बारीक अक्षरात ‘ठेका : पारंपरिक’. आबांना वाचता येत नव्हतं, मीच वाचून दाखवलं.

“पारंपरिक म्हंजे काय गं?”

“म्हंजे कुनी केला ते ठावं न्हाय.”

आबांनी पाकीट माझ्या हातातून घेऊन फळीवर ठेवलं. मी मात्र तणतणत थोरल्या गवयाच्या दारात गेले. तर तो तोंड वर करून म्हणतो, “मी काय करू, पोरी? तुझ्या बापानंच सांगितलं की, देवाचा म्हणून!”

घरी येऊन सगळा राग आबांवर काढला. “कशाला म्हनायचं देवाचा? माजा म्हनायला तोंड शिवलं हुतं का तुमचं?”

आबा शांतपणे म्हणाले, “आपन देवाचाच म्हनायचं असतं. मग म्होरल्यानं इचारायचं, हात कुनाचा? तवा नाव सांगायचं. सायबाला आपली रीत कुटली ठावं? पर ही चौघं तितंच हुती की.”

रीत मलाही ठाऊक होती. इतकी तडतडले, पण विचारलं मीही नव्हतंच. लाज वाटली. म्हटलं, “आबा, हात कुनाचा?”

आबा उठून उभे राहिले. स्वतःचं, बापाचं आणि वाडीचं नाव त्यांनी खड्या आवाजात सांगितलं. ऐकायला मी एकटीच होते.