मॅडम सिक आहेत

कांबळे मॅडम वर्गात कधी खुर्चीवर बसल्या नाहीत. फळ्यापासून खिडकीपर्यंत येरझारा घालत इंग्रजी शिकवायच्या. स्टाफरूममध्ये चहासुद्धा उभ्यानंच. मी त्याच ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवायचो. "बसा की मॅडम," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की डोकं थांबतंय, सर."

एका सकाळी फळ्यावर इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं दिसलं, 'कांबळे मॅडम सिक आहेत.' महिनाभराच्या आजारपणातून त्या नुकत्याच उठल्या होत्या. ते त्यांना झोंबलं. लिहिणारी रेश्मा मूळची आजऱ्याची, कोल्हापुरात वसतिगृहात राहणारी. "कुणी लिहिलं?" विचारल्यावर ती हसतच उभी राहिली. मॅडमनी तिला सगळ्यांदेखत वर्गाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी पोरगी सामान घेऊन गावी गेली.

मग तिच्या मैत्रिणींनीच सांगितलं, "मॅडम, सिक म्हंजे भारी! तिनं कौतुक केलतं."

मॅडम शब्दकोश घेऊन व्हरांड्यात फिरत राहिल्या. आधी आजारी, मग कंटाळलेला, मग विकृत, आणि आता पोरांच्या तोंडी एकदम झकास. "शब्द कुठल्या कुठं गेला, सर," त्या म्हणाल्या, "आणि मी मात्र जुन्याच अर्थाला धरून."

शनिवारी आम्ही दोघं एसटीनं आजऱ्याला गेलो. रेश्माची आई काजू कारखान्यात काम करायची. रेश्माही तिच्याबरोबर जाऊ लागली होती. दोघींची बोटं काजूच्या तेलानं काळी पडलेली.

सगळं ऐकून आई म्हणाली, "आपल्यात न्हाय का 'नाद खुळा' म्हणत? तवा काय समोरचा खुळा असतोय व्हय? एवढं शिकलासा, पोरीला इचारायचं तरी."

"चुकलं माझं," मॅडम म्हणाल्या. "रेश्मा, चल परत."

रेश्मानं मान वर केली नाही. "सगळ्यांसमोर हाकललासा. आता सगळ्यांसमोर बोलवा."

सोमवारी ती आली आणि दारातच थांबली. मॅडमनी भरल्या वर्गात हात जोडून माफी मागितली, "आत ये, बाळ," म्हणाल्या. ती आत आली, मागच्या बाकावर बसली. पुढं चांगल्या मार्कांनी पासही झाली. पण वर्गात पुन्हा कधी हसली नाही.

यंदा मॅडम निवृत्त झाल्या. निरोप समारंभाला रेश्मा आली, पाया पडली, तब्येत विचारली आणि लगेच निघाली. ती गेटबाहेर जाईपर्यंत मॅडम खिडकीशी उभ्या होत्या.

"माफ केलं असंल का हो तिनं, सर?"

मी त्यांच्यापुढं खुर्ची सरकवली. त्या पुन्हा येरझारा घालू लागल्या.