वर्षाच्या पर्समधली मंगलाष्टकं

परवा पारशिवनीला, माझ्या सासुरवाडीला, भर मे महिन्यात, भरल्या मांडवातले कूलर बंद करावे लागले... आणि निमित्त होती माझी बायको, वर्षा.

लग्न होतं पूर्वाचं, म्हणजे वर्षाच्या मोठ्या भावाच्या मुलीचं. हल्ली मंगलाष्टकं पेन ड्राइव्हवरूनच वाजतात, सगळ्या लग्नांत तीच. पण पूर्वाने आत्याला आधीच फोन करून बजावलं होतं... "आत्या, तू स्वतः लिहून म्हणशील, तरच मी अंतरपाटासमोर उभी राहीन." वर्षाने शब्द दिला.

आता नागपूरहून पेटी, तंबोरा आणि वाजवणारे न्यायचे म्हणजे वेगळी गाडीच करावी लागली असती. वर्षा म्हणाली, सगळं माझ्या पर्समध्ये मावतं. जुन्या फोनवर तानपुरा, टॅबच्या काचेवर पेटी... आणि दोन्हींचा आवाज एकत्र करून स्पीकरला द्यायचा.

बोलायला सोपं आहे हो! ब्लूटूथने जोडलं तर बोट आधी पडायचं आणि सूर मागून यायचा. मग सीताबर्डीच्या बाजारातून एक वायर आणली, तर फोन आणि टॅब दोघंही नुसते बोलणारे, ऐकून घ्यायला कुणी तयार नाही... आमच्या महाल भागातल्या घरात हे दृश्य तसं नवीन नाही म्हणा.

शेवटी तिने काडेपेटीहून जराशी मोठी अशी एक डबी मागवली. ती फोनचा तानपुरा घेते, टॅबच्या पेटीत मिसळते आणि एकच आवाज बाहेर सोडते. रोज ऑफिसमधून आली की चहाचा कप बाजूला ठेवून तीच खटपट. "तानपुरा जास्त होतोय का?" असं मला विचारायची, मी "छान" म्हणायचो, आणि "तुम्हाला काही कळत नाही" हे ठरलेलं उत्तर मिळायचं.

लग्नाच्या दिवशी सकाळी रिकाम्या मांडवात वाजवून पाहिलं. एकदम स्वच्छ आवाज. मांडवाचे साउंडवालेसुद्धा दोनदा त्या डबीकडे वाकून बघून गेले.

संध्याकाळी मुहूर्त जवळ आला, वऱ्हाड बसलं, कूलर धो धो सुरू झाले. वर्षाने स्पीकर चालू करायला सांगितलं आणि... घूंऽऽऽ. पेटीच्या, तानपुऱ्याच्या वरताण. मांडवभर भुंगा फिरतोय असं वाटावं.

साउंडवाल्यांनी तिथल्या तिथे निदान केलं. सकाळी कूलर बंद होते, आता चालू आहेत, म्हणजे कूलरचाच प्रताप. सगळ्यांना पटलं, मलाही. दादांनी, म्हणजे पूर्वाच्या वडिलांनी, माझ्या मेहुण्यांनी, कूलर बंद करायला लावले. विदर्भात, मे महिन्यात, वरपक्षासमोर... हिंमत लागते राव!

दोन मिनिटंही झाली नसतील तर नवऱ्यामुलाचे एक काका उठलेच. "काहून बंद केले गा कूलर? लगन लावून राहिले का भजे तळून राहिले?"

आणि घूं तर तसंच! दादांचा फेटा घामाने कपाळाला चिकटला होता. ते वर्षाजवळ येऊन हळूच म्हणाले, "राहू दे वं वर्षा. पाहुणे बोंबलून राहिले. पेन ड्राइव्ह लावून देतो." पेन ड्राइव्ह त्यांच्या हातातच होता. तिकडे पूर्वा मुंडावळ्यांतून आत्याकडे बघत होती... खरं सांगतो, मी असतो तर "लावा" म्हणून मोकळा झालो असतो.

वर्षा फक्त एवढंच म्हणाली, "दादा, एक मिनिट." मग स्पीकरकडून येणारी वायर धरून ती बोट फिरवत मागे मागे गेली आणि डबीपाशी थांबली. डबीला एक पांढरा चार्जर लावलेला होता. तो तिने लावलाच नव्हता.

तिने तो ओढून काढला. घूं बंद. मांडवात नुसता तानपुरा उरला.

"लाइनचा भरवसा नाही ना वं इकडे... म्हणून म्याच लावला चार्जिंगले," दादा ओशाळून म्हणाले. गावाकडे लाइट आहे तोवर जे दिसेल ते चार्जिंगला लावायचं, अशी रीतच आहे. बहिणीची डबी ऐन मुहूर्तावर बंद पडू नये, ही त्यांची माया. वर्षा हसली आणि म्हणाली, "दादा, आधी कूलर लाव."

मग ती गायली. एका हाताने काचेवर पेटी, मागे तानपुरा, आणि शब्द सगळे तिचे. दोन्ही घरांची नावं, पूर्वाचं लहानपणी बोरांसाठी रुसून बसणं... अंतरपाटामागे पूर्वा आधी हसली आणि मग रडायला लागली.

माझ्याकडे एकच काम होतं. टॅबवर अक्षता पडू नयेत म्हणून पाहुण्यांकडे पाठ करून आड उभं राहायचं. प्रत्येक 'सावधान'ला पाठीवर तांदळाचा मारा होत होता आणि छाती फुगत होती... कोणाला दिसत नव्हती, तेवढं बरं.

जेवणाच्या पंगतीत दादा वाढायला म्हणून फिरत होते, पण बुंदी कमी आणि बातमी जास्त वाढत होते. "माही बहीण होय ते! समदं स्वतः जोडलं तिनं." कूलरवाल्या काकांनीही वर्षाला बोलावून त्या मंगलाष्टकांचं रेकॉर्डिंग मागून घेतलं.

सासुरवाडीला जावई म्हणून मी आजवर पुष्कळ मान घेतला... टोपी, टॉवेल, पहिलं पान, सगळं. परवा मात्र माझं नाव कुणी विचारलं नाही. गुंडाळलेल्या वायरी हातात घेऊन मी गाडीकडे निघालो, तर मागून कोणीतरी म्हणालं, "ते पाहा, ते वर्षाताईचे मिस्टर."

इतक्या वर्षांत इतका मोठा मानपान मला मिळाला नव्हता.